पहिलं आलेलं घर

“पहिलं आलं म्हंजे काय वं? माह्यं घर कोन्या शर्यतीत धावलं होतं?”

चंपतरावांनी कूलरच्या पंपाची जाळी दगडावर आपटली. साचलेल्या क्षाराचा पांढरा चुरा छतं रंगवणाऱ्या प्रकल्पातल्या मिनलच्या चपलेपर्यंत उडाला. ती मागे सरली नाही. निमंत्रणाचं पाकीट तिनं तसंच पुढे धरून ठेवलं.

“काकाजी, दीडशे घरांत तुमच्या घराचं तापमान सगळ्यात कमी आलं. बाहेर पंचेचाळीस असताना तुमच्या घरात एकतीस. ज्या देशानं पैसे दिले, तिथल्या बाई स्वतः येणार आहेत. तुमचा सत्कार आहे. शाल आणि श्रीफळ.”

“या उनात शाल देऊन राहिले? वा रे तुमची अक्कल!”

“काकाजी...”

“एकतीस डिग्रीत मानूस मरते का? सांग ना. शिकली हायस तू. मरते का?”

मिनलनं मान खाली घातली. चंपतरावांच्या बायकोची, रुखमाबाईंची तेरवी होऊन दहाच दिवस झाले होते, आणि तेरवीला ती स्वतः बाहेरच्या मांडवात बसून गेली होती. पाकीट तिनं टपरीच्या फळीवर ठेवलं, वर एक पाना ठेवला आणि स्कूटी सुरू केली.

नागपूरच्या लकडगंजात, आरामशीनच्या भिंतीला लागून चंपतराव वैरागडे यांची कूलरदुरुस्तीची टपरी आहे. भिंतीपलीकडे दिवसभर लाकूड कापलं जातं. अलीकडे चंपतराव कूलरच्या पाणी झिरपणाऱ्या जुन्या ताट्या उसवतात, त्यांत लाकडाच्या नव्या साली भरतात, मोटारीला तेल देतात. गेली तीस वर्षं हेच. मार्च लागला की ज्यांना वर्षभर त्यांचं नाव आठवत नाही, ते लोक सकाळी सात वाजता दारात येऊन ‘चंपतरावजी’ म्हणू लागतात. माणूस कामाला चोख, जिभेला वाईट. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की म्हणायचे, “माठातलं पानी पी न झोप, कूलर कायले पायजे?” गिऱ्हाईक चिडायचं, आणि पुढच्या मार्चला पुन्हा यायचं.

तर अशा माणसाच्या घरी, ऐन मे महिन्यात, कूलर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण हा अंधार त्यांनी स्वतः केला होता, आणि तो आता त्यांना जेवू देत नव्हता.

झालं असं, की फेब्रुवारीत त्यांच्या वस्तीत प्रकल्प आला. टिनाच्या छतांना पांढरा रंग लावायचा, ऊन परत पाठवायचं, घर थंड, वीज कमी, धूर कमी, पृथ्वीचं भलं. पैसा परदेशाचा. प्रकल्पाचे साहेब केयूर. इस्त्रीचा कुर्ता, पायात भारी बूट, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांनी वस्तीतल्या मारुतीच्या ओट्यावर सभा घेतली आणि सांगितलं, की ज्या घरात कूलर आहे ते घर यादीत बसणार नाही, कारण मग थंडावा रंगाचा की कूलरचा हे कळायचं कसं? बरोबरच आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत भलत्याच पातेल्यातलं नको.

रुखमाबाईंना पांढरं छत हवं होतं. फार हवं होतं. त्यांनी आयुष्यात कधी काही हट्टानं मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. “दिवसभर कूलरमंदी बादल्या ओतून ओतून माह्या खांद्याचं भुसकट झालं,” त्या म्हणाल्या. “नळ एक दिवसाआड. छतच थंड रायलं तं कायले पायजे तुमचा तो डब्बा?” चंपतरावांनी कूलर हातगाडीवर घातला आणि टपरीत नेऊन ठेवला. यादीत नाव लागलं. घर क्रमांक सतरा.

छत पांढरं झालं. आठ दिवस दृष्ट लागण्यासारखं दिसलं. मग आरामशीनचा भुसा आणि रस्त्याची धूळ बसली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत ते वस्तीतल्या बाकी सगळ्या गोष्टींसारखं मातकट झालं. ते धुवायचं असतं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. कुठल्या पाण्यानं, ते लिहिलेलं नव्हतं.

छत रंगवलं त्याच दिवशी मिनल एक डबी घेऊन आली होती. पांढरी, काडेपेटीएवढी, मधूनमधून हिरवा दिवा लुकलुकवणारी. ती छताखाली, खाटेच्या वर, खिळ्याला टांगली. दर अर्ध्या तासाला ती घरातली उष्णता आपल्या पोटात लिहून ठेवणार होती.

“काकू, ही परदेशातून आलेली आहे. महाग आहे. नीट सांभाळा.”

“हात लावला तं खराब होते का वं, बाई?”

“नाही नाही. पाण्यानंसुद्धा काही होत नाही. फक्त ऊन लागू देऊ नका.”

मिनलचं म्हणणं होतं, डबी खिडकीत ठेवू नका. रुखमाबाईंनी ऐकलं ते असं, की पाणी चालतं आणि ऊन चालत नाही. आता ज्या खोलीचं छत टिनाचं आहे, त्या खोलीत ऊन कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, हे मिनललाच काय, कोणालाच सांगता आलं नसतं. शिवाय दुसऱ्याची वस्तू. काटोलकडच्या खेड्यातल्या माहेरी रुखमाबाई एवढं एक शिकून आल्या होत्या, की आपलं भांडं फुटलं तर फुटलं, पण शेजारणीची वाटी परत करताना घासून पुसून, जमल्यास तिच्यात चिमूटभर साखर घालून द्यावी. आपल्या घरी परक्याची ठेव खराब झाली असा बोल त्यांना जन्मात सहन झाला नसता.

म्हणून एप्रिल तापला तसं त्यांनी रोज बाराच्या सुमाराला डबी खिळ्यावरून उतरवायला सुरुवात केली. ओल्या फडक्यात गुंडाळायची, माठाला टेकवून ठेवायची, तासा-तासानं फडक्यावर पाणी शिंपडायचं. पाच वाजता, ऊन उतरलं की पुन्हा खिळ्याला. संध्याकाळी चंपतराव घरी यायचे तेव्हा डबी आपल्या जागी लुकलुकत असायची. त्यांना याचा पत्ताही नव्हता. शेजारच्या प्रीतीनं एकदा पाहिलं तर रुखमाबाई तिला म्हणाल्या होत्या, “बिचारी लेकरासारखी तापते वं.” हे सगळं प्रीतीनं चंपतरावांना सांगितलं ते तेरवीला.

मिनल महिन्यातून दोनदा यायची. पण ती डबी अशी, की दारातूनच मोबाईलवर आकडे उतरवून घेता यायचे. असल्या उन्हाच्या दुपारी कोण टिनाखाली जातं? दारातून हाक मारायची, “काकू, बरं आहे ना?” आतून उत्तर यायचं, “बरं हाय, बाई.” की पुढचं घर.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नळाला तिसऱ्या दिवशीही पाणी आलं नाही. चंपतराव दुपारी तीनला घरी आले, एरवी कधीच यायचे नाहीत. एका गिऱ्हाइकाची मोटार घरच्या पेटीत राहिली होती म्हणून आले. दार उघडंच होतं. रुखमाबाई खाटेशेजारी जमिनीवर कुशीवर पडलेल्या होत्या. अंग असं तापलेलं, की हात लावून त्यांनी मागे घेतला. घाम नाही. पदर कोरडा ठणठणीत. चंपतराव पाण्यासाठी माठाकडे धावले. माठ रिकामा होता. आणि माठाला टेकून, ओल्या फडक्यात, ती डबी. फडक्यातून पाण्याचा एक थेंब माठाच्या बुडावरून खाली ओघळत होता.

घरात होतं नव्हतं ते पाणी त्या बाईनं डबीला पाजलं होतं.

त्यांनी ते फडकं ओढून काढलं आणि बायकोच्या कपाळावर ठेवलं. तेवढंच केलं त्यांनी. मग ई-रिक्षा, मग दवाखाना, मग एक कागद. कागदावर लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

“हृदय तं सगळ्याईचंच बंद पडते,” चंपतराव तिथल्या डॉक्टरला म्हणाले. “काहून पडलं, ते लिहा ना गा. उनानं गेली ती.” डॉक्टर पोरगेलासा होता, दमलेला होता. उष्माघाताची नोंद करायला चौकशी लागते म्हणाला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी चंपतराव महापालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं पत्ता विचारला, कुठलीशी यादी काढली, बोट फिरवलं आणि थांबवलं.

“घर नंबर सतरा? अहो, हे तर थंड घरांच्या यादीत आहे. प्रकल्पाचा कागद आहे. घरातलं तापमान एकतीस. एकतीसला उष्माघात कसा लिहू मी?”

चंपतरावांच्या तोंडावर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. सांगायचं तर काय सांगायचं? माझ्या बायकोनं यंत्राला माणूस समजून पाणी घातलं? बाबू हसला असता. बाजूचे दोघे हसले असते. संध्याकाळी ती गोष्ट चहाच्या ठेल्यावर गेली असती, आणि रुखमाबाई नावाची बाई, जिनं कधी कोणाची वाटी रिकामी परत केली नाही, ती नागपुरातली एक वेडी म्हणून उरली असती. डबी खरी मानली तर ती उन्हानं मेलीच नाही. डबी खोटी ठरवायची तर ती मूर्ख ठरते. या दोन्हींच्या मध्ये चंपतराव दहा दिवस अडकून पडले होते, आणि म्हणून दगडावर जाळ्या आपटत होते.

सत्काराला ते गेले. का गेले, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी शिवी दिली असती.

हॉटेल मोठं होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आत माणसं कोट घालून बसली होती. थंडी अशी, की चंपतरावांच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं गार हवेचा धंदा केलेला माणूस. त्यांनी वर झरोक्यांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात हिशेब केला, की इथं एका दुपारी जेवढी वीज जळते, तेवढ्यात आपली सगळी वस्ती उन्हाळाभर कूलर चालवेल. पृथ्वीच्या तापाची काळजी करायची तर आधी आपण थंड बसावं लागतं, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं.

पडद्यावर उभ्या पट्ट्या होत्या. दीडशे घरं, दीडशे पट्ट्या. सगळ्यांत ठेंगणी पट्टी हिरवी केलेली होती. केयूर साहेब तिच्याकडे बोट दाखवून इंग्रजीत बोलत होते आणि परदेशातून आलेल्या बाई मान डोलवत होत्या. म्हाताऱ्याच होत्या त्या, पांढरे केस, साधा सुती कुर्ता. चंपतरावांना त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचे पाय सुजलेले दिसले आणि तो नीट आला नाही. म्हणून मग तो सगळाच्या सगळा केयूर साहेबांवर गेला.

शाल घातली. नारळ दिला. फोटो झाले.

“दोन शब्द बोला, काका,” केयूर साहेब म्हणाले. “घर थंड झाल्यामुळे आयुष्यात काय बदल झाला, एवढंच. मिनल इंग्रजीत सांगेल.”

चंपतरावांनी माईक हातात घेतला. पडद्यावरची ती हिरवी पट्टी त्यांच्या डोक्यावरच होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

“घर थंड नव्हतं,” ते म्हणाले. “डबी थंड होती.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. चंपतराव थांबले. हसणाऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

“हासा. हासून घ्या आधी. मी बोलतो मंग.” त्यांनी माईक तोंडाजवळ धरला. “माह्यी बायको दुपारी डबीले ओल्या फडक्यात ठेवत होती. पानी शिंपडत होती तिच्यावर. येडी नव्हती ती. तुमची वस्तू हाय, खराब झाली तं बोल लागन, म्हनून. त्या दिवशी घरात पानी नव्हतं. जेवढं होतं तेवढं तिनं डबीले देल्लं. मी गेलो तवा डबीचं फडकं वलं होतं, अन् तिचा पदर कोरडा होता. ते एकतीस डिग्री डबीचे हायेत. माह्या बायकोचे नाईत. ती उनानं मेली. मले हे लिहून पायजे. बाकी काई नोको.”

मिनलनं माईकसाठी हात पुढे केला. केयूर साहेबांनी माईक हळूच मध्येच घेतला, “मी सांगतो,” म्हणाले, आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. दोनच. टाळ्यांचा कडकडाट झाला. परदेशी बाईंनी डोळे टिपले, उठून येऊन चंपतरावांचा हात दोन्ही हातांत धरला.

चंपतराव मिनलकडे वळले. “काय सांगितलं त्यानं?”

मिनलनं केयूर साहेबांकडे पाहिलं.

“सांग वं. टाळ्या कायच्या वाजल्या?”

“म्हणाले... तुमच्या पत्नीला या यंत्राचं महत्त्व इतकं पटलं होतं, की तिनं ते जिवापाड जपलं. अखेरच्या दिवसापर्यंत.”

चंपतरावांनी हात सोडवून घेतला. शब्दशः धरलं तर त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, आणि याचीच त्यांना चीड आली. कूलरची मोटार अशी सफाईनं गुंडाळता आली असती तर माणूस लखपती झाला असता.

मग मिनल बोलली. माईक न घेता, त्या बाईंच्या समोर उभं राहून, इंग्रजीत, अडखळत. चंपतरावांना त्यातलं एवढंच कळलं, की ती बोलताना दोनदा स्वतःच्या छातीवर बोट ठेवत होती. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, केयूर साहेबांना काहीतरी विचारलं, कडक आवाजात. केयूर साहेब लॅपटॉपकडे गेले. त्यांनी बोटं चालवली. पडद्यावरची हिरवी पट्टी नाहीशी झाली, आणि बाकीच्या पट्ट्या सरकून एकमेकींना चिकटल्या. मध्ये जागासुद्धा राहिली नाही.

“झालं, काका,” केयूर साहेब आले. आवाजात अजूनही तोच गूळ. “तुमचं म्हणणं आम्ही मान्य केलं. ती नोंद चुकीची होती, काढून टाकली.”

“मंग आता लिहून देता ना? घर तापलेलं होतं म्हनून?”

“ते कसं देणार? आता त्या घराचं मोजमापच आपल्याकडे नाही. सतरा नंबर यादीतच राहिलं नाही.”

“म्हंजे थंडही नाई, न गरमही नाई?”

“तांत्रिकदृष्ट्या... हो.”

“वा,” चंपतराव म्हणाले. “तिचं घरच उचलून फेकलं तुमी.” नारळ त्यांनी टेबलावर ठेवला. शाल ठेवायला हात खांद्याकडे गेला, पण त्या थंडीत तो तिथेच थांबला. तशीच शाल पांघरून ते बाहेर उन्हात आले आणि बस धरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनल वस्तीत आली. सतरा नंबरची डबी परत न्यायची होती, तसा कागद होता. सवयीनं ती दारात थांबली, मोबाईल हातात.

आत चंपतराव बादलीपाशी उकिडवे बसले होते. बादलीत शाल बुडवलेली होती, कालचीच, सोनेरी काठाची. त्यांनी ती पिळली नाही. तशीच निथळती उचलली, रुखमाबाईंच्या खाटेवर अंथरली, उशापासून पायथ्यापर्यंत, आणि पायाकडचं टोक झोपलेल्या माणसाच्या पायाखाली खोचावं तसं खोचलं. डबी खिळ्याला टांगलेली होती.

“काकाजी, मी डबी न्यायला...”

“ने. ठेव सांभाळनारं मानूस गेलं या घरातलं.” ते वळले नाहीत. मग म्हणाले, “दारात काहून उभी हायस? पाय भाजतीन. आत ये.”

मिनल चप्पल काढून आत आली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. टिनाखालची झळ थेट तोंडावर आली. ती जमिनीवर, खाटेशेजारी बसली. डबीचा दिवा लुकलुकत होता.

शाल उशापासून वाळत आली. चंपतराव उठले, तांब्या भरून घेतला आणि हातानं तिच्यावर पाणी शिंपडू लागले. त्यांनी अर्धा तांब्या संपवला. मग उरलेला त्यांनी मिनलकडे दिला. तिनं तो घेतला आणि खाटेच्या पायथ्याकडून शिंपडायला लागली.